भोपाळ आठवायचे ते कशासाठी?

भोपाळ शहरात १९८४ च्या वायुदुर्घटनेच्या स्मरणार्थ ३ डिसेंबरला स्थानिक सुट्टी असते. सकाळी सर्वधर्म प्रार्थनासभा होते, तिला राज्यकर्ते हजर राहतात, मौन पाळले जाते. आणि युनियन कार्बाइडच्या गंजलेल्या कारखान्याच्या आसपासच्या वस्त्यांतून गॅसपीडितांच्या संघटना मशाली घेऊन निघतात, कंपनीचे पुतळे जाळतात आणि बहुतांशी गेल्या वर्षीच्याच मागण्या पुन्हा वाचून दाखवतात. उरलेला देश आदल्या दिवशी, म्हणजे २ डिसेंबरला, राष्ट्रीय प्रदूषण नियंत्रण दिन पाळतो. त्या निमित्ताने शाळांत निबंध आणि चित्रकला स्पर्धा होतात, मुले काळा धूर ओकणारी धुराडी रंगवतात, सायकल वापरण्याची शपथ घेतात. एका कारखान्यातल्या टाकीतून विषारी वायू सुटून शहर गुदमरले त्या रात्रीच्या स्मृतीचा दिवस फटाके आणि प्लास्टिकच्या पिशव्या यांच्यावर बोलण्यात संपतो, याचे कोणाला फारसे वावगे वाटत नाही.

मला वाटते, आणि त्याचे कारण माझ्या पत्त्यात आहे. मी डोंबिवलीच्या एमआयडीसी निवासी भागात राहतो. आमच्या गच्चीवरून ज्या कारखान्यांची छपरे दिसतात, त्यांच्याखाली नेमके काय तयार होते आणि काय साठवलेले असते, हे इतक्या वर्षांच्या वास्तव्यानंतरही मला ठाऊक नाही. माझ्या शेजाऱ्यांनाही नाही. आम्ही वासावरून अंदाज बांधतो. भोपाळच्या स्मृतिदिनी काय आठवावे, या प्रश्नाचे माझे उत्तर या अज्ञानातून आलेले आहे. भोपाळची माणसे विषारी वायूने मेली हे खरेच; पण काय घडते आहे आणि अशा वेळी काय करायचे असते हे त्यांना कोणीही सांगितलेले नव्हते, म्हणून त्यांतली कितीतरी माणसे मेली. या दिवसाच्या केंद्रस्थानी कारखान्याशेजारी राहणाऱ्या माणसाचा माहितीचा हक्क असायला हवा, आणि तो सोडून बाकी सगळे तेथे आहे, असे माझे म्हणणे आहे.

त्या रात्रीचा तपशील या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखा आहे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीतल्या सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट या कीटकनाशकासाठी लागणाऱ्या विषारी रसायनात पाणी शिरले, टाकीतले तापमान आणि दाब वाढत गेले आणि मध्यरात्रीनंतर वायू बाहेर पडू लागला. पाणी कसे शिरले, यावर कंपनी आणि तपासयंत्रणा यांचे कधीच एकमत झाले नाही. तो वाद येथे बाजूला ठेवू. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपूर्वीच बंद केलेली होती, वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी टाकीपासून तोडलेला होता, वायू धुऊन काढणारे यंत्र एवढ्या लोंढ्यापुढे निरुपयोगी ठरले आणि पाण्याचे फवारे वायू जेथून निघत होता त्या उंचीपर्यंत पोचत नव्हते. हे सगळे आता रासायनिक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवले जाते. भोंग्याची गोष्ट मात्र त्या मानाने कमी सांगितली जाते. किरकोळ गळतीच्या वेळी शेजारच्या वस्त्या घाबरू नयेत म्हणून कामगारांसाठीचा आणि बाहेरच्या लोकांसाठीचा असे दोन्ही इशारे वेगळे करण्याची व्यवस्था कारखान्याने आधीच करून ठेवली होती. त्या रात्री लोकांसाठीचा भोंगा थोडा वेळ वाजला आणि बंद करण्यात आला. तो पुन्हा वाजू लागला तेव्हा वायू जयप्रकाश नगर आणि काझी कॅम्पच्या गल्ल्यांतून केव्हाच पुढे सरकला होता.

लोक जागे झाले ते खोकल्याने. कोणीतरी शेजारी मिरच्या जाळतो आहे असे वाटले, हे वाक्य बचावलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या जबानीत येते. मग लोक धावत सुटले. धावणारा माणूस खोल श्वास घेतो, त्यामुळे वायू अधिक आत जातो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत राहतो, त्यामुळे लहान मुलांना तो सर्वांत जास्त मिळतो. आणि वाऱ्याच्या दिशेने धावले तर वायू सोबतच येतो. तोंडावर ओले फडके धरा, वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाहेर पडा, एवढ्या दोन सूचना त्या वस्त्यांना आधीपासून माहीत असत्या, तर मृतांच्या यादीतली बरीच नावे तेथे नसती. हमीदिया रुग्णालयातल्या डॉक्टरांपुढे हजारो माणसे आली तेव्हा त्यांनाही कोणता वायू आहे हे धड माहीत नव्हते. ते डोळ्यांत औषध घालत राहिले. याउलट एकच उदाहरण सांगतो. भोपाळ स्थानकावरचे उपस्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर यांनी स्वतःच्या जळत्या डोळ्यांवरून काय ते ओळखले, फलाटावर भरून उभी असलेली गाडी वेळेआधीच सोडून दिली आणि आजूबाजूच्या स्थानकांना गाड्या भोपाळकडे पाठवू नका असे कळवले. त्यांच्याजवळ मुखवटा नव्हता की उतारा नव्हता. त्यांच्याकडे अंदाजाने मिळालेली थोडी माहिती आणि ती पुढे कळवायचे साधन होते, आणि तेवढ्याने गाड्यांतली माणसे वाचली.

माहिती कोठेच नव्हती असेही नाही. डिसेंबर १९८१ मध्ये याच कारखान्यात फॉस्जिन वायूने एका कामगाराचा मृत्यू झाला होता. १९८२ च्या मे महिन्यात अमेरिकेहून आलेल्या कंपनीच्याच पथकाने सुरक्षेतल्या उणिवांची यादी करून दिली होती. राजकुमार केसवानी या तरुण पत्रकाराने त्याच वर्षीपासून आपल्या छोट्या साप्ताहिकातून, पुढे मोठ्या दैनिकातूनही, भोपाळ ज्वालामुखीच्या तोंडावर बसले आहे असे पुन्हापुन्हा लिहिले. म्हणजे कंपनीला माहीत होते, सरकारला कळवलेले होते, वृत्तपत्रात छापून आले होते. फक्त कुंपणाला लागून झोपणाऱ्या माणसाला ते अधिकृतपणे, त्याच्या भाषेत, काय करायचे या सूचनेसह सांगणे हे कोणाचेच काम नव्हते. दुर्घटनेनंतर मात्र लोकांनी कारखान्याशेजारी झोपड्या घातल्याच कशाला, हा प्रश्न तत्परतेने विचारला गेला. तो आमच्याकडेही विचारला जातो, म्हणून त्याकडे पुढे येतो.

भोपाळ म्हटले की मातीत अर्धवट पुरलेल्या एका बालकाचा चेहरा डोळ्यांपुढे येतो. रघू राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांच्याही छायाचित्रांत तो आहे. माझ्या पिढीने भोपाळ पाहिले ते त्या चेहऱ्यातून, आणि त्याचे ऋण मी नाकारत नाही. पण चाळीस वर्षे तेच एक छायाचित्र छापत राहिल्याने भोपाळ आपल्या मनात दैवी कोपासारखे बसले, असा माझा संशय आहे. ते बालक पाहून माणूस हळहळतो, हात जोडतो आणि पान उलटतो. टाकी, झडप, भोंगा, तपासणी करणारा निरीक्षक, परवाना देणारा अधिकारी हे त्या चौकटीत येत नाहीत, आणि त्यांच्याबद्दल प्रश्न पडत नाहीत.

स्मृतिदिनाचा दुसरा मोठा विषय म्हणजे न्याय, किंवा खरे तर त्याचा अभाव. युनियन कार्बाइडचे प्रमुख वॉरन अँडरसन यांना ७ डिसेंबर १९८४ रोजी भोपाळला अटक झाली आणि त्याच दिवशी त्यांची सुटका होऊन ते निघून गेले. २०१४ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते भारतीय न्यायालयापुढे उभे राहिले नाहीत. १९८९ मध्ये कंपनी आणि केंद्र सरकार यांच्यात ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. ७ जून २०१० रोजी भारतीय आरोपींना दोन वर्षांची शिक्षा झाली आणि लगेच जामीनही मिळाला. भरपाई वाढवून मागणारी केंद्र सरकारची याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. राज्य सरकारच्या मोजणीत मृत ३,७८७ होते. भरपाईच्या नोंदींत ते पाच हजारांवर गेले आणि पीडितांच्या संघटना याच्या कितीतरी पट आकडा सांगतात. या सगळ्याचा राग रास्त आहे आणि तो विझू नये. तरीही एक गोष्ट बोलायला हवी. परक्या कंपनीवरचा राग आपल्याला सोयीचा पडतो, कारण त्यामुळे दोष सातासमुद्रापार राहतो. त्या कारखान्याची तपासणी करायची होती ती आपल्या सरकारी खात्याने, वस्तीला पट्टे दिले ते आपल्या राज्य सरकारने, आणि रोजचे काम चालवत होते ते आपलेच व्यवस्थापक. अँडरसनला फाशी दिली असती तरी डोंबिवलीतल्या एका झडपेची तपासणी त्याने झाली नसती.

आता भोपाळनंतर केलेल्या कायद्यांकडे वळतो, कारण माझ्या मते खरे स्मारक तेच होते आणि आपण ते कुलूपबंद ठेवले. १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. दिल्लीतल्या श्रीराम कारखान्यातून डिसेंबर १९८५ मध्ये ओलियम या तीव्र आम्लाची गळती झाली आणि त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने धोकादायक उद्योगावर संपूर्ण दायित्वाचे तत्त्व लादले. अपघात कोणाच्या चुकीने झाला हे सिद्ध करायचा भार पीडितावर राहिला नाही. १९८७ मध्ये कारखाने कायद्यात एक नवे प्रकरण घातले गेले. त्यानुसार धोकादायक प्रक्रिया चालवणाऱ्या कारखानदाराने धोक्यांची, आरोग्यावरील परिणामांची आणि त्यांवरील उपायांची माहिती कामगारांना, निरीक्षकाला, स्थानिक संस्थेला आणि परिसरातल्या सर्वसामान्य जनतेला देणे बंधनकारक झाले. परिसरातली सर्वसामान्य जनता, असे कायद्यात स्पष्ट आहे. कारखाने कायद्याची जागा आता नव्या संहितेने घेतली असली तरी ही जबाबदारी तिच्यातही आलेली आहे. १९८९ च्या घातक रसायनांविषयीच्या नियमांनी तर पुढची पायरी गाठली: कुंपणाबाहेरच्या ज्या लोकांना अपघाताची झळ बसू शकते त्यांना धोक्याचे स्वरूप आणि काय करावे, काय करू नये हे कारखान्याने सांगायचे, जिल्ह्याने कुंपणाबाहेरचा आपत्कालीन आराखडा तयार करायचा आणि त्याची वर्षातून किमान एकदा रंगीत तालीम घ्यायची. १९९६ च्या नियमांनी जिल्हा आणि स्थानिक पातळीवर संकटनिवारण गट नेमायला सांगितले. भोपाळच्या रात्री जे जे नव्हते, ते ते या नियमांत लिहिलेले आहे. ते ज्यांनी लिहिले त्यांना त्या रात्रीचा नेमका अर्थ कळलेला होता.

मग ७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणमच्या एका कारखान्यातून स्टायरीनची गळती झाली तेव्हा काय घडले? लोक झोपेतून उठून रस्त्यांवर धावले आणि कोसळले. बारा जण गेले. कारखान्यात भोंगा सुरू करण्याची ३६ ठिकाणे असूनही तो वाजवला गेला नाही, असे राज्य सरकारच्या उच्चस्तरीय समितीने नोंदवले. भोपाळहून तेथवर येईपर्यंत कायद्यांचे कपाट भरले होते, आणि भोंगा मात्र होता तेथेच होता.

डोंबिवलीचे सांगायचे तर २६ मे २०१६ च्या स्फोटात १२ जण दगावले आणि दूरवरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. २३ मे २०२४ रोजी पुन्हा स्फोट झाला आणि दहाहून अधिक माणसे गेली. मधल्या आणि आधीच्या काळात हिरवा पाऊस पडला, रस्ता गुलाबी झाला, मंत्र्यांचे दौरे झाले. या दोन्ही स्फोटांच्या वेळी आम्ही रहिवाशांनी काय केले? आवाजाच्या दिशेने मोबाइल घेऊन धावलो, गच्चीवर चढून धुराचे चित्रीकरण केले आणि ते व्हॉट्सॲपवर पाठवले. धुरात काय आहे, खिडक्या बंद करायच्या की घर सोडायचे, हे कोणालाच माहीत नव्हते आणि सांगायला कोणी आले नाही. मिरच्या जाळल्याच्या वासापासून आपण फार पुढे आलो आहोत, असे मला तरी म्हणता येत नाही.

माहिती देण्याला जे आक्षेप घेतले जातात ते मी अनेकदा ऐकले आहेत. पहिला, लोक घाबरतील. भोंगा बंद करणाऱ्यांचा युक्तिवाद तोच होता, त्यामुळे त्यावर अधिक लिहीत नाही. दुसरा, व्यावसायिक गुपिते उघड होतील. हा आक्षेप वरवर वजनदार दिसतो, पण मला उत्पादनाचे सूत्र नको आहे. साठ्यात कोणते घातक रसायन आहे, ते पाण्याशी भडकते की नाही, आणि ते हवेत पसरले तर मी नाकावर काय धरायचे, एवढेच हवे आहे. अग्निशमन दलाला ही माहिती लागतेच. तिसरा आक्षेप सरकार किंवा कारखानदार घेत नाहीत, तो आम्हीच घेतो. आमच्या सोसायटीच्या सभेत मी आजूबाजूच्या कारखान्यांकडे कायद्याने द्यायची ही माहिती लेखी मागावी असे सुचवले, तेव्हा ज्येष्ठ सभासदांनी अगदी सौजन्याने समजावले की, साहेब, असली कागदपत्रे फाइलला लागली की उद्या फ्लॅट विकताना अडचण येते. विषय पुढच्या सभेवर गेला. ही भीती खोटी नाही. आयुष्यभराची पुंजी घातलेल्या माणसाला घराचे मोल कमी होणे परवडत नाही. पण याचा अर्थ असा की आम्ही आमचे अज्ञान जपतो आणि ते पुढच्या खरेदीदाराला घरासोबत विकतो. वस्ती आधी की कारखाना आधी, या वादात मग आम्हाला फारसे तोंड राहत नाही. तरीही त्या वादाने हक्क रद्द होत नाही. कारखाना आधी आला असेल, त्याभोवतीचा मोकळा पट्टा नंतर खाल्ला गेला असेल, तो खाऊ देणाऱ्यांनी आणि तेथे राहायला येणाऱ्यांनी आपापला दोष घ्यावा. कायद्याने माहिती द्यायची ती आज परिसरात जो आहे त्याला.

एक अडचण मात्र खरी आहे आणि ती कायद्याच्या घडणीत आहे. भोपाळनंतरचे नियम भोपाळ डोळ्यांपुढे ठेवून लिहिले गेले: मोठी कंपनी, मोठी टाकी, ठरावीक मर्यादेपेक्षा मोठा साठा. आराखडे, तालमी, सूचना यांतल्या बऱ्याच अटी त्या साठ्याच्या मर्यादेवर अवलंबून आहेत. आपल्या औद्योगिक वसाहतींतला धोका बहुधा वेगळ्या रूपाचा असतो: लहान गाळा, दुसऱ्याच्या नावावर चालणारे उत्पादन, एकच रिॲक्टर, महिन्याभरापूर्वी ठेकेदाराने आणलेला कामगार, आणि शेजारच्या गाळ्यात तसलाच आणखी एक. प्रत्येकाचा साठा मर्यादेखाली असू शकतो. सगळ्यांचा मिळून किती होतो हे एका कागदावर मांडलेले माझ्या पाहण्यात नाही. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय कारखान्याचे पाहते, प्रदूषण नियंत्रण मंडळ सांडपाणी आणि धुराचे पाहते, एमआयडीसी भूखंडाचे पाहते, महापालिका वस्तीचे पाहते. वसाहत म्हणून धोका कोण पाहते, हे विचारले तर प्रत्येक खिडकी शेजारच्या खिडकीकडे बोट दाखवते. स्मृतिदिनी काही मागायचेच असेल तर मर्यादा कारखान्यागणिक न मोजता वसाहतीगणिक मोजा, ही मागणी मला पुतळा जाळण्यापेक्षा अधिक भोपाळनिष्ठ वाटते.

प्रत्यक्षात सुचवला जातो तो उपाय स्थलांतराचा. डोंबिवलीतले १५६ कारखाने रायगड जिल्ह्यातल्या पाताळगंगा औद्योगिक वसाहतीत हलवण्याची घोषणा २०२२ मध्ये झाली, २०२४ च्या स्फोटानंतर तोच सूर पुन्हा लागला. डोंबिवलीकर म्हणून मला हायसे वाटायला हवे. पण भोपाळच्या कारखान्यात चाळीस वर्षे पडून असलेला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये बंद कंटेनरांतून मध्य प्रदेशातल्याच पीथमपूर या औद्योगिक गावी नेण्यात आला, तेव्हा तेथे लोक रस्त्यावर उतरले, दगडफेक झाली, दोघांनी अंगावर ज्वलनशील द्रव ओतून पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. कचरा शास्त्रीय पद्धतीने जाळला जाईल, असे त्यांना सांगितले जात होते, आणि पुढे काही महिन्यांत तो जाळलाही गेला. पण पीथमपूरकरांचा विश्वास का बसला नाही, हे समजायला फार विद्वत्ता लागत नाही. जे विष भोपाळमध्ये कोणाला विचारून आले नव्हते, ते पीथमपूरलाही कोणाला विचारून आले नाही. पाताळगंगेच्या काठच्या गावांना उद्या आमचे कारखाने मिळतील, तेव्हा त्यांना त्यासोबत माहिती मिळणार आहे की तेही वासावरून अंदाज बांधणार आहेत?

भोपाळमध्येच आठवणीची एक निराळी रीत होऊन गेली आहे. अब्दुल जब्बार यांनी स्वतः वायू भोगला, घरची माणसे गमावली आणि गॅसपीडित स्त्रियांची संघटना उभी केली. ही संघटना दर शनिवारी शाहजहानी बागेत जमत असे. त्यात फार काही नाट्यमय नव्हते. कोणाच्या भरपाईचा कागद कोठे अडला, कोणत्या दवाखान्यात औषध मिळत नाही, न्यायालयाची पुढची तारीख काय, हे एकमेकींना सांगितले जाई. ज्या बायका कधी उंबरठ्याबाहेर पडल्या नव्हत्या त्या अर्ज आणि आदेश यांतला फरक तेथे शिकल्या. २०१९ मध्ये जब्बार गेले; पद्मश्री मरणोत्तर मिळाली. वर्षातल्या एका ३ डिसेंबरच्या तुलनेत हे शनिवार मला स्मृतीचे अधिक प्रामाणिक रूप वाटतात, कारण तेथे आठवण म्हणजे माहितीची देवाणघेवाण होती.

तेव्हा महाराष्ट्रातल्या औद्योगिक वसाहतींत, डोंबिवलीपासून तारापूर, लोटे, महाडपर्यंत, ३ डिसेंबर हा दिवस प्रदूषणाच्या निबंधांसाठी न ठेवता कायद्यात आधीच सांगितलेली तालीम घेण्यासाठी ठेवावा. आधी जाहीर केलेल्या वेळी भोंगा वाजवावा, म्हणजे तो वाजतो की नाही हेही कळेल. प्रत्येक कारखान्याच्या फाटकावर घातक रसायनांची यादी आणि चार ओळींच्या सूचना लावाव्यात; जिल्हाधिकाऱ्यांनी कुंपणाबाहेरचा आराखडा सभागृहात वाचून दाखवावा आणि प्रश्न घ्यावेत. सूचना मराठीत हव्यात हे उघड आहे, पण तेवढ्याने भागणार नाही. कुंपणाला सर्वांत जवळ जो झोपतो तो आज बहुधा उत्तर प्रदेश, बिहार किंवा ओडिशातून आलेला कंत्राटी कामगार असतो. सोसायटीत त्याचे नाव नसते, मतदार यादीत नसते, अनेकदा कारखान्याच्या हजेरीपटावरही नसते. फाटकावरची पाटी त्याच्या भाषेत आणि चित्रांत असावी, आणि तालमीच्या दिवशी त्याची मजुरी कापली जाऊ नये. ही शेवटची अट कारखानदारांना सगळ्यांत जड जाईल, असा माझा अंदाज आहे.